गुडघ्याची गोळी, बीपीची गोळी आणि मे महिन्यातलं वावर

घाटंजी तालुक्यातल्या एका तरुणाचा प्रश्न आहे, तो आधी थोडक्यात मांडतो. बाबा ६१ वर्षांचे, शेती कोरडवाहू. दोन्ही गुडघे चार-पाच वर्षांपासून दुखतात. मेडिकलमधून एसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी आणतात. रोज एक, आणि डवरणी-वेचणीच्या दिवसांत दोन. गेल्या वर्षी बीपी निघालं, तेव्हापासून टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड अशी दोन औषधं एकत्र असलेली गोळी चालू आहे. पोटासाठी सकाळी पॅन्टोप्राझोल असते. गावात येणारे डॉक्टर म्हणतात, गोळीपेक्षा सुई घ्या, पोटाला लागत नाही. कोणी म्हणतं किडनी जाते, कोणी म्हणतं अ‍ॅसिडिटीची गोळी सोबत असली की काही होत नाही. बाबा स्वतः म्हणतात, "गोळी घेतल्याबिगर वावरात पाय उचलत नाही." तर मग रोज घेता येईल अशी सगळ्यात सेफ पेनकिलर कोणती?

मी यवतमाळ जिल्ह्यातच एका तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे. गुडघा नाहीतर कंबर धरून आलेल्या पेशंटनं पिशवी उघडली की त्यात बहुतेक वेळा हीच गोळी निघते, त्यामुळं हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातलाच आहे. तरी उत्तर एका नावात देता येणार नाही. डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रॉक्सेन, पायरॉक्सिकॅम, एटोरिकॉक्सिब या सगळ्या एकाच घराण्यातल्या गोळ्या आहेत. दुखणं ज्या क्रियेनं थांबतं, त्याच क्रियेनं पोट आणि किडनी दुखावते. यातली चांगली बाजू ठेवून वाईट बाजू काढून टाकलेली गोळी अजून निघालेली नाही. म्हणून कोणती गोळी, यापेक्षा मी वेगळं विचारतो: ही गोळी शरीरातली जी गोष्ट बंद करते, तिच्यावर बाबांचं शरीर त्या दिवशी किती अवलंबून आहे? याचं उत्तर दर माणसाला वेगळं येतं, आणि एकाच माणसाला डिसेंबरात वेगळं, मे महिन्यात वेगळं.

ही गोष्ट म्हणजे प्रोस्टाग्लँडिन. पेशीच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थापासून शरीर ते गरजेप्रमाणे, जागच्या जागी बनवतं, आणि ते बनवायला सायक्लोऑक्सिजनेज नावाचं एन्झाइम लागतं. आम्ही त्याला नुसतं कॉक्स म्हणतो. झिजलेल्या, सुजलेल्या गुडघ्यात प्रोस्टाग्लँडिन जास्त तयार होतं आणि तिथल्या वेदनेच्या नसा हळव्या होतात. मग जिना उतरणं, निंदायला उकिडवं बसणं, ज्या हालचालीत एरवी काही वाटलं नसतं, तीही दुखते. गोळी कॉक्सला अडवते, प्रोस्टाग्लँडिन घटतं, नसा शांत होतात. अ‍ॅस्पिरिन १८९९ पासून बाजारात होती, पण ती नेमकं काय करते हे १९७१ मध्ये इंग्लंडमधल्या जॉन व्हेन यांनी दाखवलं. त्या कामासाठी १९८२ चं नोबेल त्यांना आणखी दोन शास्त्रज्ञांसोबत मिळालं.

अडचण अशी की गोळी गुडघ्यापुरती राहत नाही. ती रक्तात जाते आणि रक्त जाईल तिथं कॉक्स अडवते. जठरात हेच प्रोस्टाग्लँडिन चिकट स्रावाचा थर टिकवतं, आम्ल मारणारा क्षार सोडवतं, आतल्या आवरणाला रक्त पुरवतं. ते गेलं की जठर स्वतःच्याच आम्लापुढं उघडं पडतं.

आता सुईचं उत्तर यातूनच मिळतं. डायक्लोफेनॅक तोंडावाटे घ्या नाहीतर ढुंगणात टोचून घ्या, ते रक्तातच जाणार, आणि रक्तातून जठराच्या आवरणापर्यंत पोचून तिथलं प्रोस्टाग्लँडिन घटवणार. गोळी जठराला लागून जी किरकोळ जळजळ करते, तेवढी सुईनं वाचते. अल्सर आणि रक्तस्राव वाचत नाही. किडनीला तर औषध कोणत्या वाटेनं आलं यानं काहीच फरक पडत नाही. वर सुईचे स्वतःचे त्रास आहेत: चुकीच्या जागी टोचली तर पायाची मोठी नस दुखावते, स्वच्छता नसेल तर गळू होतं, क्वचित त्या जागेचं मांस सडतं. सुई लवकर लागू पडते हे खरं आहे. मुतखड्याच्या कळा येत असतील तर मीही देतो. पण गुडघ्यासाठी दर आठवड्याला सुई घेण्यात बाबांचा काही फायदा नाही.

डायक्लोफेनॅकची एक गोष्ट इथं सांगायला हवी, कारण ती आपल्या गुराढोरांशी जोडलेली आहे. जनावरांना हे औषध सर्रास टोचलं जायचं. मेलेलं जनावर गिधाडं खायची आणि त्यांच्या किडन्या निकामी व्हायच्या. २००४ मध्ये हे संशोधनातून स्पष्ट झालं, २००६ मध्ये भारतानं जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आणली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जाऊ लागल्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची बाटलीही ३ मिलीच्या एका डोसपुरती मर्यादित केली. गिधाडाची किडनी आणि माणसाची किडनी सारखी नाही, गिधाडाला अगदी थोडं औषधही पुरतं. पण आपल्या पिढीनं आकाशातून गिधाडं नाहीशी होताना पाहिली आहेत, त्यामुळं "साधी दुखण्याची सुई" असं म्हणताना माझी तरी जीभ अडखळते.

पॅन्टोप्राझोलबद्दल. बाबा ती घेतात हे चांगलंच आहे. वय साठीच्या पुढं आणि पेनकिलर रोजची, अशा माणसाला मी ती देतोच, सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी. ती आम्ल कमी करते आणि जठराच्या अल्सरचा धोका बराच घटवते. लोक गोळीसोबत पांढरं-गुलाबी सिरप पितात, त्यानं जळजळ शमते, अल्सर टळत नाही. उलट धोक्याची खूण दबते. या गोळ्यांनी होणारे अल्सर पुष्कळदा दुखतसुद्धा नाहीत. पहिली खूण म्हणजे डांबरासारखी काळी, चिकट शौच, किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी. असं काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच गाडी काढा. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) आणि दारू चालू असेल तर अल्सरचा धोका आणखी वाढतो. खर्ऱ्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण आपल्याकडं न विचारता गृहीत धरावं अशी परिस्थिती आहे. पॅन्टोप्राझोल किडनीला मात्र कसलंही संरक्षण देत नाही, आणि तुमच्या बाबांच्या बाबतीत मला पोटापेक्षा किडनीची काळजी जास्त वाटते.

हा भाग जरा सावकाश वाचा.

किडनीत रक्त गाळणाऱ्या बारीक जाळ्या असतात. प्रत्येक जाळीत एक रक्तवाहिनी आत येते, एक बाहेर जाते. ओलिताचा दांड डोळ्यांसमोर आणा: आत येणारं तोंड मोकळं आणि बाहेर जाणारं थोडं आवळलेलं असेल तर मधल्या वाफ्यात पाण्याची पातळी टिकते. जाळीतला दाब असाच टिकतो आणि त्या दाबावरच रक्त गाळलं जातं. आतलं तोंड मोकळं ठेवायचं काम प्रोस्टाग्लँडिनचं. बाहेरचं तोंड आवळून धरायचं काम अँजिओटेन्सिन नावाच्या दुसऱ्या द्रव्याचं.

धडधाकट, भरपूर पाणी प्यालेल्या माणसात ही यंत्रणा जवळजवळ रिकामी बसलेली असते. दाब तसाही पुरेसा असतो. म्हणून पंचविशीतल्या पोरानं डोकेदुखीला एक आयबुप्रोफेन घेतली तर किडनीला पत्ताही लागत नाही. पण शरीरातलं पाणी कमी झालं की चित्र उलटतं. मेंदू आणि हृदयाला रक्त पुरावं म्हणून शरीर बाकीच्या रक्तवाहिन्या आवळतं, किडनीकडे जाणाऱ्याही. तेव्हा किडनीचं आतलं तोंड उघडं राहतं ते केवळ प्रोस्टाग्लँडिनच्या जोरावर. नेमकं त्या दिवशी गोळी घेतली की ते तोंड मिटतं.

आता बाबांची बीपीची गोळी यात बसवून पाहा. टेल्मिसार्टन अँजिओटेन्सिनला अडवतं, म्हणजे बाहेरचं तोंड सैल सोडतं. हायड्रोक्लोरोथायाझाइड लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढतं, म्हणजे येणारं पाणीच घटवतं. आणि एसिक्लोफेनॅक आतलं तोंड आवळतं. तिन्ही औषधं आपापल्या जागी बरोबर आहेत, पण तिन्ही मिळून जाळीतला दाब टिकवायचे तिन्ही मार्ग बंद करतात. रॅमिप्रिल आणि एनालाप्रिल यांचंही टेल्मिसार्टनसारखंच होतं. अ‍ॅम्लोडिपिनचं तसं नाही, म्हणून पेनकिलर टाळताच येत नसेल अशा पेशंटमध्ये आम्ही त्या गोळीकडे वळतो.

त्यावर आपलं ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो, आणि त्याच दिवसांत वखरणी, धसकटं वेचणं, पेरणीपूर्व सगळी कामं असतात. माणूस सकाळी चहासोबत गोळी टाकून वावरात जातो. दोन-तीन तासांत गोळीचा असर शिखरावर येतो आणि ऊनही चढलेलं असतं. सोबत नेलेली पाण्याची कॅन दुपारपर्यंत संपते. दुखणं जाणवत नाही म्हणून सावलीला बसणंही होत नाही. अशा दिवसांत लघवी कमी आणि गडद होणं, पायावर सूज, मळमळ, गळून जाणं या तक्रारी घेऊन येणाऱ्या माणसाचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट गाळते का ते सांगणारी रक्ताची तपासणी, मी त्याच दिवशी करायला लावतो. वेळेत कळलं, पेनकिलर थांबवली, पाणी भरून काढलं, तर किडनी बहुतेक वेळा सावरते. पण वर्षानुवर्षं हे असं चालू राहिलं तर होणारं नुकसान कायमचं असतं, आणि ते मुकाट्यानं होतं. लघवी नीट होते म्हणजे किडनी ठीक आहे, असं समजू नका.

हाच हिशेब हागवणीला लागू आहे. जुलाब-उलट्या लागल्या, ताप चढला, दोन दिवस खाणं-पिणं सुटलं, तर पेनकिलर बंद म्हणजे बंद. त्या दिवसांत बीपीच्या गोळीतही बदल करावा लागू शकतो, त्यासाठी लगेच डॉक्टरांना फोन करा.

हृदयाचं थोडक्यात सांगतो. या गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी काही अंकांनी वाढवतात आणि बीपीच्या गोळ्यांचा असर बोथट करतात. बाबांचं बीपी गेल्या वर्षी निघालं आणि पेनकिलर त्याआधीपासून चालू होती का, हे नीट आठवून पाहा. पेनकिलर कमी केल्यावर बीपी खाली आलेले पेशंट मी पाहिले आहेत. कॉक्सचे दोन मुख्य प्रकार आहेत, आणि जठर सांभाळतं ते मुख्यतः कॉक्स-१. म्हणून पोट वाचवायला फक्त कॉक्स-२ अडवणाऱ्या गोळ्या आल्या. त्यातली रोफेकॉक्सिब हृदयविकाराचे झटके वाढले म्हणून २००४ मध्ये जगभरातून मागं घ्यावी लागली. एटोरिकॉक्सिब त्याच कुळातली आहे आणि मेडिकलमध्ये "जरा भारी गोळी" म्हणून मिळते. बीपी ताब्यात नसलेल्या माणसाला ती देऊच नये. ती पोटाला हलकी आहे, पण किडनीला नाही, कारण किडनीत कॉक्स-२ नेहमीच कामावर असतं. डायक्लोफेनॅकचा हृदयाचा धोकाही जवळपास याच पातळीवरचा आहे, आणि एसिक्लोफेनॅक त्याचंच भावंड. नॅप्रॉक्सेन हृदयाला त्यातल्या त्यात बरं, पण पोटाला जड आणि शरीरात जास्त वेळ राहणारं. पायरॉक्सिकॅम तर एवढं रेंगाळतं की अर्धं उतरायलाच दोन दिवस लागतात. म्हाताऱ्या माणसाला ते मी देत नाही.

इथवरचं एकत्र करून सांगायचं तर, सुईनं पोट वाचत नाही, पॅन्टोप्राझोलनं पोट वाचतं पण किडनी नाही, आणि बाबांच्या बीपीच्या गोळीसोबत यातली कोणतीही पेनकिलर रोज, न तपासता घेणं मला मान्य नाही.

मग दुखण्याचं काय करायचं? नुसतं "गोळी बंद करा" म्हणून मी कुणाला घरी पाठवत नाही. ज्याचा दिवस पायांवर चालतो, त्याला दुखणं सहन करा म्हणणं बरोबर नाही.

तुमच्या बाबांना तपासलं असतं तर मी पहिल्यांदा गुडघाच पाहिला असता. झिजेचा गुडघा सकाळी थोडा आखडतो आणि चालल्यावर, वजन पडल्यावर दुखतो. एखादा सांधा रातोरात लाल, गरम होऊन सुजत असेल तर ते युरिक अ‍ॅसिडचं असू शकतं, आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड युरिक अ‍ॅसिड वाढवतं. तसं असेल तर बीपीची गोळी बदलल्यानं गुडघाही सुधारू शकतो. सकाळी तासभर हातापायांचे छोटे सांधे आखडत असतील तर तो वाताचा वेगळा आजार, त्याचे उपचारही वेगळे.

झिजच असेल तर पहिली पसंती डायक्लोफेनॅकच्या जेलला. लोक मलमाला कमी लेखतात, पण गुडघा हा कातडीच्या जवळचा सांधा आहे, तिथं जेल खरोखर काम करतं. रक्तात जाणारं औषध गोळीच्या मानानं फार थोडं असतं, सुमारे ६ टक्के. दिवसातून तीन-चार वेळा, पुरेसं घेऊन, निदान दोन आठवडे नेमानं लावायचं. एकदा चोळून सोडलं तर उपयोग नाही. कंबरेला मात्र जेलचा फारसा फायदा नसतो, दुखण्याचं मूळ खोल असतं.

सोबत पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम, लागेल तेव्हा, दिवसाला तीनपेक्षा जास्त नाही. ते सूज कमी करत नाही आणि झिजेच्या दुखण्यावर त्याचा असर बेताचाच असतो, हे मी पेशंटला स्पष्ट सांगतो. पण या डोसात ते पोट आणि किडनी दोन्हींना सुरक्षित आहे. रोज दारू पिणाऱ्याला डोस आणखी कमी ठेवावा लागतो. बाबांच्या सध्याच्या गोळीत पॅरासिटामॉल आहेच, सर्दीच्या गोळ्यांतही असतं. सगळं मिळून मोजा.

मांडीचा व्यायाम लोकांना पोकळ सल्ला वाटतो. मला तसं वाटत नाही. खाटेवर पाय सोडून बसायचं, एक पाय गुडघ्यातून सरळ करून पाच आकडे मोजेपर्यंत धरायचा, खाली घ्यायचा. प्रत्येक पायाला दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांडीचा स्नायू बळकट झाला की सांध्यावरचा भार तो उचलतो. दीड-दोन महिने लागतात. वजन जास्त असेल तर ते उतरवणं, जास्त दुखणाऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात काठी धरणं, उकिडवं बसण्याऐवजी निंदताना छोटा पाट घेणं, यानंही गोळ्या कमी होतात.

एवढं करूनही वेचणीच्या ऐन दिवसांत निभत नसेल, आणि क्रिएटिनिन-बीपी ठीक असेल, तर मी पेनकिलर देतो. कमीत कमी डोस, पाच-सात दिवस, मग थांबायचं. त्याआधी बीपीच्या गोळीतलं पाणी काढणारं औषध बदलता येतं का ते पाहतो. गोळी सकाळी वावरात जाताना घेण्यापेक्षा संध्याकाळी, जेवण आणि भरपूर पाणी झाल्यावर घ्यायला सांगतो. एका वेळी यातली एकच. एसिक्लोफेनॅकनं भागलं नाही म्हणून वर डायक्लोफेनॅकची सुई घेतली तर दुखणं तेवढंच राहतं आणि धोका वाढतो, कारण कॉक्स अडवण्याला मर्यादा आहे. त्यापुढं औषध वाढवून वेदना कमी होत नाही. सूज उतरवणारी म्हणून सेरॅशिओपेप्टिडेज घातलेली महागडी गोळी घेऊ नका, तिच्यामागं भक्कम पुरावा नाही.

कागदाच्या पुडीत बांधून मिळणाऱ्या, नाव नसलेल्या गोळ्यांपासून तर बाबांना दूरच ठेवा. त्यात पुष्कळदा पेनकिलरसोबत स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत गुडघा पळायला लागतो, म्हणून त्या डॉक्टरांचं नाव होतं. पण ही जोडी अल्सरचा धोका कित्येक पटींनी वाढवते, शुगर चढवते, हाडं पोकळ करते. अशी पुडी काही महिने चालू असेल तर ती एकदम बंद करू नका, पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

घरातल्या इतरांसाठीही थोडं लिहितो, कारण बाबांची पट्टी घरात सगळेच वापरतात. पावसाळ्यात ताप आला आणि डेंग्यूची शंका असेल तर फक्त पॅरासिटामॉल, बाकी पेनकिलर रक्तस्राव वाढवू शकतात. सून गरोदर असेल तर पाचवा महिना लागल्यानंतर या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नकोत, त्या बाळाच्या किडनीवर आणि पुढं हृदयाजवळच्या रक्तवाहिनीवर परिणाम करतात. दम्याच्या काही पेशंटना यातली एक गोळी घेतली तरी धाप लागते. विदर्भात सिकलसेलचे (तांबड्या रक्तपेशी कोयत्यासारख्या होण्याच्या आनुवंशिक आजाराचे) पेशंट पुष्कळ आहेत. त्यांच्या कळांवर ही औषधं लागतात, पण त्यांची किडनी आधीच नाजूक असते, तेव्हा ती दवाखान्याच्या देखरेखीखालीच घ्यावीत. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असलेल्यानं आयबुप्रोफेन आपल्या मनानं घेऊ नये, ती अ‍ॅस्पिरिनच्या आड येते.

आता तुम्ही या आठवड्यात करायचं काम. बाबा घेतात ती प्रत्येक पट्टी, सिरप, पुडी एका पिशवीत भरा आणि त्यांना घेऊन ग्रामीण रुग्णालयात किंवा तुमच्या फिजिशियनकडे जा. क्रिएटिनिन, पोटॅशियम, हिमोग्लोबिन, युरिक अ‍ॅसिड आणि लघवीची साधी तपासणी करून घ्या, बीपी मोजून घ्या. हिमोग्लोबिन कमी आलं तर शौचाचा रंग विचारायला विसरू नका, पोटातून थेंब-थेंब रक्त जात असू शकतं. तपासणी होईपर्यंत एसिक्लोफेनॅकची गोळी थांबवून जेल आणि साधं पॅरासिटामॉल वापरा. बीपीची गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नका. रिपोर्ट आले की आकडे इथंच लिहा, वयाच्या मानानं किडनी किती गाळते ते काढून पुढचं सांगतो.